ट्रायल्स सायकलचा सेटअप: आधी मागचा ब्रेक, मग बाकी सगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिडकोत राहणारा इंजिनीअरिंगचा मुलगा, घरी २७.५ इंची चाकांची, डिस्क ब्रेकवाली २१ गिअरची एमटीबी (माउंटन बाइक), स्टंट सायकलवाल्या डॅनी मॅकॅस्किलचे व्हिडिओ बघून ट्रायल्सचं, म्हणजे पाय न टेकवता दगड-अडथळ्यांवरून सायकल नेण्याच्या खेळाचं, वेड लागलंय, बाहेरून बिनसीटची २० इंची कॉम्पिटिशन सायकल मागवायचा विचार चाललाय. विचारतोय की २० इंची का २६, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला धरणारा) का डिस्क, फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक मोकळं फिरू देणारा भाग) पुढं का मागं, आणि जुन्या व्हिडिओतल्या सायकली आताच्यापेक्षा एवढ्या वेगळ्या का दिसतात. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण सायकल का बदलली ते कळलं की बाकीचे तीन निम्मे तिथंच सुटतात. वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, चालवून घे.

त्याआधी एक. नाशिकमध्ये सायकल म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लांब पल्लाच येतो. महाजन बंधूंनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, त्याचा सगळ्यांना अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे, पण त्यामुळं दुकानात गेलास की सल्ला मिळतो तोही त्याच हिशोबाने, गिअर किती, टायर किती बारीक, हवा किती टाइट, सीट किती मऊ. ट्रायल्सला यातलं निम्मं उलटं लागू होतं आणि उरलेलं लागूच होत नाही. बिनसीटची सायकल घेऊन कुठंही उभा राहिलास की पहिला प्रश्न "सीट चोरीला गेली का?" हाच येतो, वॉचमनपासून डॉक्टरपर्यंत सगळे हेच विचारतात, त्याची सवय करून घे.

तर इतिहास. हा खेळ मोटरसायकलच्या ट्रायल्समधून आला. स्पेनमध्ये कॅटलोनियात माँटेसा मोटरसायकलवाला पेरे पी होता, त्याने सत्तरच्या दशकात आपल्या मुलासाठी, ओट पीसाठी, छोटी सायकल बनवली, म्हणजे इंजिनाशिवाय तोच खेळ. पुढं त्याच घरातून माँटी हा सायकलचा ब्रँड आला आणि ओट पी वर्ल्ड चॅम्पियन झाला. यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकल संघटनेच्या, ट्रायल्सच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप १९८६ पासून चालू आहेत. तेव्हाच्या सायकली बघ, बीएमएक्सच्या जवळच्या वाटतात, छोटी का होईना सीट आहे, फ्रेम उंच आहे. हान्स रे हा रायडर जीटी कंपनीची २६ इंची घेऊन फिरायचा तिला तर सीटही होती आणि गिअरही होते. कारण तेव्हाचं रायडिंग होतं नैसर्गिक दगडांवरून, ओढ्यातून, झाडांच्या मुळांवरून जाण्याचं, बॅलन्स धरायचा, पुढचं चाक वर ठेवायचं, मागचं ओढून घ्यायचं, पाय टेकवायचा नाही. पाय टेकला की एक पॉइंट, पाच झाले की सेक्शन, म्हणजे आखलेला अडथळ्यांचा टप्पा, गेला, ज्याचे पॉइंट कमी तो जिंकला. म्हणजे चुकू नये हाच सगळा खेळ होता, सायकलही त्याच हिशोबाची, शांत आणि स्थिर.

मग रायडर मागच्या चाकावर उभे राहून उड्या मारायला लागले आणि तिथून सगळं बदललं. मागचं चाक ब्रेकने घट्ट धरलेलं, पुढचं हवेत, तू एका जागी टुकटुक उड्या मारतोयस, आणि मग एका क्षणी ब्रेक सोडून त्याच क्षणी पुढच्या पेडलवर लाथ मारायची, सायकल पुढं झेपावते, समोरच्या दगडावर मागचं चाक टेकतं तेव्हा ब्रेक परत बंद. पेडल किक म्हणतात ती हीच. सगळी ताकद क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, पाव फेऱ्यात येते. आता विचार कर की या अर्ध्या सेकंदात सायकलकडून काय हवंय. ब्रेक धरला की चाक केसभरही हलता कामा नये आणि सोडला की लगेच मोकळं झालं पाहिजे, आणि पेडलवर पाय दाबला की फ्रीव्हीलने तिथल्या तिथं पकडलं पाहिजे, रिकामं फिरून नाही. या दोनच गोष्टी. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जे जे बदललं ते या दोन गोष्टींच्या मागं फरफटत आलंय असं मी मानतो, सीट गेली, गिअर गेले, बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा मधला एक्सल बसतो ती जागा) वर गेला, हे सगळं नंतर.

स्पर्धा पण बदलल्या. आता पुष्कळ सेक्शन शहराच्या चौकात बांधतात, काँक्रीटचे पाइप, ओंडके, मोठे लोखंडी ठोकळे, रचून आणलेले दगड. २०१७ ला चेंगडूला अर्बन सायकलिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाल्या त्यात ट्रायल्स बीएमएक्स फ्रीस्टाइलच्या शेजारी जाऊन बसलं. मार्कांची पद्धतही उलटी झाली, आता सेक्शनमध्ये सहा गेट असतात, प्रत्येक गेटचे १० पॉइंट, सहाही काढले तर ६०, वेळ दोन मिनिटं, आणि जास्त पॉइंटवाला जिंकतो. वाचून छोटासा बदल वाटतो पण याने प्रेक्षकाला समजायला लागलं की कोण पुढं आहे, आणि रायडरला पुढच्या गेटसाठी धाडस करायचं कारण मिळालं. स्पेनचा बेनिटो रोस, फ्रान्सचा जिल कुस्तेलिए आणि नंतरचा इंग्लंडचा जॅक कार्थी यांचे व्हिडिओ ओळीने लावून बघ, उंची वाढत गेलेली दिसतेच पण त्याहून जास्त म्हणजे उडीच्या आधीची तयारी कमी होत गेलेली दिसते. जुने लोक म्हणतात दगडांवरची मजा गेली. मला तसं वाटत नाही, पण दगडावर चाक कुठं ठेवायचं ते वाचायची जी नजर होती ती आताच्या पोरांत कमी दिसते, हे मात्र खरंय.

आणि याच्या बाजूने तिसरीच फांदी फुटली, स्ट्रीट. एप्रिल २००९ ला डॅनी मॅकॅस्किलचा एडिनबरामधला तो व्हिडिओ आला, टोकदार लोखंडी कुंपणावरून सायकल चालवतो तो, आणि ज्यांना ट्रायल्स शब्द माहीत नव्हता त्यांनीही तो बघितला. आता लक्ष देऊन बघ, त्याची सायकल २४ इंची आहे, तिला सीट आहे, बॉटम ब्रॅकेट खाली आहे, कारण त्याला वेगात यायचंय, १८० आणि ३६० फिरवायचंय, उलटं चालवायचंय. तू मात्र मागवतोयस ती सायकल या कामाची नाहीये. म्हणजे तुला आवडलंय स्ट्रीट आणि तू घेतोयस कॉम्पिटिशन. बिनसीटच्या २० इंचीवर रस्त्याने दहा मिनिटं जाऊन दाखव, गुडघे बोलायला लागतील.

जॉमेट्रीचं पटकन सांगतो. बॉटम ब्रॅकेट चाकांच्या एक्सलच्या रेषेपेक्षा किती वर आहे ते बघायचं. जुन्या सायकलींत तो रेषेच्या जवळपास असायचा, आताच्या २० इंची कॉम्पिटिशन फ्रेममध्ये साठ-सत्तर एमएम किंवा त्याहून वर जातो. वर असला की मागच्या चाकावर सायकल चटकन हलते, दगडावर चढवायला हलकी पडते, पण नवख्याला ती सतत कुठंतरी पळून जातेय असं वाटतं. खाली असला की स्थिर. मागचा चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकापर्यंतची दांडी) आखूड, २० इंचीत ३५० एमएमच्या आसपास, त्यामुळं पुढचं चाक बोटाने उचलल्यासारखं येतं. हँडल रुंद, ७२० ते ७४० एमएम, आणि स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) लांब आणि वर चढलेला. एमटीबीवाले हल्ली ४०-५० एमएमचा आखूड स्टेम लावतात तो इथं उपयोगाचा नाही, मागच्या चाकावर उभं राहिल्यावर हात कुठं जाणार? गिअर २० इंचीला साधारण पुढं १८ दात मागं १२ आणि २६ इंचीला पुढं २२ मागं १८ किंवा पुढं १८ मागं १५. भागाकार करून बघ, चाक मोठं झालं की गिअर हलका केलाय, किक तेवढीच लागते.

आता फ्रीव्हील. तुझ्या एमटीबीच्या मागच्या फ्रीव्हीलला जर एका फेरीत १६-१८ टक (आतली खिट्टी पकडते त्या जागा) असतील तर एका टकाला वीस-बावीस अंश, म्हणजे तू पाय दाबलास की कधी लगेच पकडेल कधी वीस अंश रिकामं फिरून पकडेल. रस्त्यावर कळतही नाही. मागच्या चाकावर उभं राहून किक मारताना हेच वीस अंश म्हणजे सायकल जागेवर आणि तू पुढं. ७२ टकांच्या फ्रीव्हीलला हे पाच अंश होतं, १०८ वाल्याला साडेतीनच्याही खाली. म्हणून ट्रायल्सवाले टकांवर पैसे घालतात.

मग ते पुढं का गेलं? लोकांना वाटतं पुढं टाकलं की जास्त मजबूत होतं, तसं नाहीये, उलट पुढच्या फ्रीव्हीलवर जोर जास्तच येतो, १८:१२ असेल तर मागच्यापेक्षा दीडपट. खरं कारण दातांच्या संख्येत आहे. चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) जेवढी छोटी तेवढी ती दगडावर कमी आपटते, पण चेनरिंग छोटी केली की मागंही १२ दातांचं छोटं चक्र लागतं, आणि आट्यांवर बसणारं फ्रीव्हील १२ दातांच्या आत मावत नाही. म्हणून मागं फिक्स चक्र आणि फ्रीव्हील उजव्या क्रँकच्या आट्यांवर. मागचा हब त्यामुळं साधा आणि हलका झाला हा वरचा फायदा. यातला धोका कुणी सांगत नाही तो मी सांगतो: फ्रीव्हील पुढं असलं की चाक फिरतंय तोवर चेन फिरतेच, पेडल थांबलेली असली तरी. स्टँडला लावून चाक गरगर फिरवायचं आणि शेजारच्या छोट्या पोराने बोट घालायचं, एवढंच पुरे आहे. स्टँडवर असताना पोरांना लांब ठेव.

फ्रीव्हीलमध्ये ग्रीस भरू नकोस. आपल्याकडे मेकॅनिकची सवय आहे, उघडलं की बोटाने ग्रीस ठासायचं, आणि घट्ट ग्रीसमध्ये आतली खिट्टी वेळेवर उठत नाही, मग किक मारताना सटकतं आणि गुडघा स्टेमवर. पातळ तेल, थेंबाथेंबाने, आणि आपली धूळ बघता उन्हाळ्यात जरा लवकर-लवकर उघडून धुवायचं. क्रँकचं पण बघ, चौकोनी एक्सलवाला स्वस्त क्रँक असेल आणि तुझा डावा पाय पुढं असेल तर किकचा सगळा जोर डाव्या क्रँकमधून एक्सलला पीळ देत उजवीकडे जातो, मग डाव्या क्रँकचं भोक मोठं होऊन तो लडबडायला लागतो. तो परत घट्ट करून उपयोग नसतो, काही उड्यांत परत ढिला. बदलायचाच, आणि जमेल तेव्हा दातेरी एक्सलवाला घ्यायचा.

आता मुख्य, ब्रेक. खेळाची खरी कमाई इथंच आहे. वर्षानुवर्षं मागं मगुरा कंपनीचा हायड्रॉलिक रिम ब्रेक, एचएस ३३, हेच उत्तर होतं आणि त्याचं कारण साधं भूमितीचं आहे. २६ इंचीच्या रिमला पॅड लागतो तो एक्सलपासून साधारण २७५ एमएमवर, १६० च्या डिस्कला लागतो तो जेमतेम ७५ वर. म्हणजे तेवढंच चाक धरायला डिस्कला साडेतीन पटीच्या पुढं जोर लावावा लागतो. शिवाय डिस्कने धरलेला जोर हबमधून, स्पोकमधून रिमपर्यंत जातो, तिथं स्पोक थोडे तरी लवतात, आणि मागच्या चाकावर उभा असताना ते लवणं पायाला कळतं. रिम ब्रेकमध्ये मध्ये काहीच नाही. हल्ली डिस्क खूप सुधारल्या, होप कंपनीने ट्रायल्ससाठी वेगळा ब्रेकच काढला, वरच्या लेव्हलचे बरेच रायडर दोन्हीकडे डिस्क वापरतात, त्यांना रिम वाकली तरी फरक पडत नाही आणि पावसातही ब्रेक तोच राहतो. पण त्यांचे हब, स्पोक, फ्रेम सगळं त्यासाठी बनलेलं असतं.

रिम ब्रेकमध्ये दोन पंथ आहेत. एक म्हणजे गुळगुळीत रिमला मऊ पॅड आणि वरून डांबराचा हलका हात, जुन्या लोकांची पद्धत. आपल्याकडे एप्रिलमध्ये ते डांबर पातळ होऊन टायरपर्यंत येतं, मी काही कुणाला सुचवत नाही. दुसरा म्हणजे रिम ग्राइंड करणं. टायर-ट्यूब काढून टाकायची, चाक सायकललाच ठेवून एकाने हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने चार इंची ग्राइंडर तिरका धरून रिमच्या कडेला नुसता स्पर्श करत जायचं, दाबायचं नाही, एक-दोन एमएमच्या अंतराने आडव्या रेघा पडत गेल्या पाहिजेत, खोल खाचा नाही. मग कानस फिरवून कडेची कुसळं काढायची नाहीतर ट्यूब लावताना बोट कापतं. पॅड यावर कडक लागतात, मऊ पॅड दोन दिवसांत खाऊन टाकते ही रिम. चांगली ग्राइंड झालेली रिम ब्रेक लावला की पिठाच्या गिरणीसारखी घरघरते, पाऊस पडला की किंचाळते, सोसायटीत लोक खिडक्या उघडून बघतात. पण धरते.

पॅड रिमपासून किती लांब? पत्त्यांतली दोन पानं दोन्हीकडे सरकतील एवढं, रिम सरळ असेल तर. लिव्हर हँडलवर आत सरकवून बसव म्हणजे फक्त तर्जनी टोकाला येईल, बाकी तीन बोटं हँडलवरच राहिली पाहिजेत. टेस्ट अशी: सपाट जागेवर एका बोटाने मागचा ब्रेक धर, पेडल आडव्या रेषेत ठेव आणि पुढच्या पायाने त्यावर पूर्ण वजन टाकून उभा राहा. मागचं चाक हललं, नुसतं कुरकुरलं तरी, तर तो ब्रेक ट्रायल्सचा नाही. दुसरा कुठलाही पार्ट घ्यायच्या आधी ही टेस्ट पास झाली पाहिजे.

तेलाचं विसरू नकोस. मगुरा आणि शिमानोत मिनरल ऑइल, होपमध्ये डॉट फ्लुइड, अदलाबदल केलीस की आतले सील फुगून गेले समज. युरोपात रिम ब्रेकमध्ये तेलाऐवजी पाणी आणि अँटीफ्रीझ भरतात, लिव्हर खूप हलकी होते, निफाडचा पारा कितीही खाली आला तरी आपल्याला गोठायची भीती नाही, पण साधं पाणी भरलंस तर आत गंज धरतो म्हणून अँटीफ्रीझ घालच. आणि हे फक्त रिम ब्रेकला, डिस्कमध्ये पाणी अजिबात नाही.

तुझ्या एमटीबीवर याचा अर्थ काय? तुझी रिम डिस्कची आहे, तिला ब्रेक घासायची बाजूच नाही, भिंत पातळ, तिला ग्राइंडर लावायचा नाही म्हणजे नाही. म्हणजे रिम का डिस्क हा प्रश्न तुझ्यापुरता संपला. मेकॅनिकल डिस्क असेल तर मागं शिमानोचा एमटी २०० सारखा साधा हायड्रॉलिक लाव, इथंच मिळतो, आणि नवीन पॅडला आधी रस्त्यावर पंधरा-वीस वेळा जोरात ब्रेक मारून बसू दे, लगेच उड्या मारायला जाऊ नकोस. चेनला स्प्रे मारताना डिस्कवर फडकं टाक. तेल लागलं पॅडला की ते पॅड गेले, गॅसवर भाजून-बिजून काही होत नाही, लोक करतात.

आणि मग कमीत कमी एक पावसाळा जाईपर्यंत दुसरं काही घेऊ नकोस. सीट पूर्ण खाली, टायरमध्ये हवा कमी, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागेवर उभं राहणं, दोन्ही चाकांवर उड्या, पुढचं चाक उचलून वळवणं, मग मागच्या चाकावर. पुढचा सस्पेन्शन फोर्क यात जोर पिऊन टाकतो हे खरंय, तुला राग येईल, पण लगेच साधा चिमटा (सस्पेन्शन नसलेला फोर्क) टाकायला जाऊ नकोस. शंभर एमएम सस्पेन्शनच्या फ्रेममध्ये जुना आखूड चिमटा टाकला की सायकल पुढून खाली बसते, बॉटम ब्रॅकेटही खाली येतो आणि चेनरिंग प्रत्येक पायरीला आपटते. टाकायचाच असेल तर आधी एक्सलपासून वरच्या क्राउनपर्यंतची उंची मोज आणि तेवढ्याच उंचीचा शोध.

त्यानंतरही वेड टिकलं तर माझ्या मते तुझ्यासाठी २६ इंची, आणि तीही नवीन नाही. नाशिकच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जुन्या २६ इंची, व्ही-ब्रेकवाल्या, साध्या चिमट्याच्या एमटीबी धूळ खात पडल्यात, मालकाला जागा हवी असते. तिचे गिअर काढ, पुढची सगळ्यात छोटी २२ दातांची चेनरिंग ठेव, मागं १८ दातांचं सिंगल फ्रीव्हील बसव, मधल्या जागेत वॉशर टाकून चेन सरळ रेषेत आण आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर लाव. टक कमी मिळतील पण चालेल. स्पोक ३६ असतील तर उत्तम. मागच्या व्ही-ब्रेकने फ्रेमच्या दांड्या बाहेर फाकतात, ब्रेक दाबून डोळ्याने बघ, दिसतं. त्याला बूस्टर लागतो, नालेच्या आकाराची पट्टी, ती विकत घ्यायची गरज नाही, आपल्या अंबड एमआयडीसीत पाच एमएमच्या अॅल्युमिनियम प्लेटमधून लेझर कटिंगवाला काढून देतो, ड्रॉइंग नीट दे म्हणजे झालं. चेनरिंगखालचं बॅश प्लेट पण तसंच. आपल्या गावाचा हा फायदा आहे, सातपूर-अंबडच्या शेडमध्ये जे होत नाही असं या सायकलीत फार थोडं आहे. फक्त फ्रेमवर वेल्डिंग नको, अॅल्युमिनियम फ्रेमला तर कधीच नको, वेल्ड दिसायला सुंदर होतो पण त्याच्या शेजारचा भाग नरम पडलेला असतो आणि तो तुटतो तेव्हा तू हवेत असतोस.

२० इंची वाईट आहे असं मी म्हणत नाही. उंची कमी असेल, लहान मुलगा शिकत असेल किंवा स्पर्धेतच जायचं असेल तर तीच. पण तिचं मागचं टायर १९ इंची रिमचं असतं, ते इथल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही, ट्यूबही जुगाड करून, आणि प्रत्येक वेळी बाहेरून मागवताना शिपिंग आणि कस्टम भरत बसावं लागतं. २६ इंची टायर गावात कुठंही मिळतं.

टायरमध्ये हवा किती हा रोजचा प्रश्न. २६ इंचीला मागं २.५ रुंदीचं जाड टायर असेल तर पंचवीस पीएसआयच्या आसपास, पुढं थोडी जास्त, पण हे तुझ्या वजनावर आहे. कमी करत करत जायचं, दगडाच्या कडेवर रिम टकटक वाजायला लागली की तिथून दोन-तीन पीएसआय वर. आपला दगड काळा बेसॉल्ट, कडा धारदार असतात, ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली तर ते काटा नाही, हवा कमी आहे.

जागा. उन्हाळ्यात सोमेश्वरच्या पुढं नदीपात्रातला कातळ उघडा पडतो, रांजणखळगे, पायऱ्या, उतार, सगळं एकाच ठिकाणी, जगात कुठंही पैसे देऊन असा सेक्शन बांधून मिळणार नाही. पण पावसाळ्यात तिकडं फिरकायचं नाही, एकतर शेवाळावर कुठलंच टायर धरत नाही आणि दुसरं म्हणजे गंगापूर धरणातून पाणी सोडलं की काय होतं ते गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीवरून पुराची उंची बघणाऱ्या नाशिककराला सांगायची गरज नाही. गोदाघाटाच्या पायऱ्या दिसायला मोह पाडतात पण तिथं लोक पूजेला, दशक्रियेला आलेले असतात, तिथं उड्या मारायच्या नाहीत, पहाटे रिकामं असलं तरी नाही. पांडवलेणी संरक्षित आहे, तिथला एक दगडही सायकलीसाठी नाही. पावसाळ्यात लाकडी पॅलेट, एमआयडीसीच्या भंगारवाल्याकडे मिळतात, खिळे ठोकून आत घाल आणि शेडमध्ये एकावर एक रच, उंची मोजता येते हा बोनस. एक चढला की दोन, घाई नाही.

नडग्यांना फुटबॉलचे शिनगार्ड घे, हेल्मेटच्याही आधी घे असं म्हणणार होतो पण हेल्मेट आधीच. पेडलचे दात नडगीत रुततात तेव्हा टाके पडतात.

जुनी सायकल बघायला जाशील तेव्हा हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) खालची बाजू, बॉटम ब्रॅकेटच्या भोवतीचे वेल्ड आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचा) ओल्या फडक्याने पुसून मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघ, रंगात केसासारखी रेघ दिसली तर फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. सीटपोस्ट हलते का ते पण बघ, अडकलेली असेल तर खाली जाणार नाही आणि मग सगळंच अवघड. घेतलीस की रिमचा फोटो टाक, भिंत किती जाड आहे ते बघून सांगतो ग्राइंड करायची की नाही. करायची असेल तर रविवारी अंबडला घेऊन ये, ग्राइंडर माझ्याकडे आहे, डोळ्यांचा गॉगल आणि कानस तू आण, आणि चाक फिरवायला एक मित्र पण.